दोन्हीकडे एकच चूक

मी पाथरीला शाळेत गणित शिकवते. इतकी वर्षं उत्तरपत्रिका तपासून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. बरोबर उत्तर कुणाचंही सारखं येऊ शकतं, त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण दोघांची चूक सारखी आली, तीही त्याच पायरीवर, की समजायचं, एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलंय. मुलं माघारी म्हणतात, बाई लय संशयी हायत. आहेच मी संशयी. भाजीवाल्याच्या काट्यावर माझी नजर असते, दूध मी बोट बुडवून बघते, आणि ग्रुपवर सकाळी सकाळी कुणी फुलांचा फोटो टाकला तर ती फुलं खरी आहेत का, हे मी आधी बघते. नमस्कार नंतर.

अशा बाईला इंटरनेटवरच्या जुन्या चित्रांचा नाद लागावा, ही गंमतच म्हणायची. झालं असं की भूमितीच्या तासासाठी मला जाळीची नक्षी हवी होती. शोधता शोधता परदेशातल्या एका संग्रहालयाच्या पानावर जाऊन पडले. तिथं दख्खनी कलमाचं, म्हणजे जुन्या दख्खनी शैलीतलं एक चित्र होतं, तळहाताएवढं. ते मोठं करत गेले तर झाडावरच्या खारीच्या शेपटीचा केस न् केस वेगळा दिसायला लागला. ज्यानं कुणी ते काढलं त्यानं श्वास कधी घेतला असेल, असं मला वाटलं. खाली लिहिलं होतं की चित्र फुकट उतरवून घेता येईल. फुकट म्हटल्यावर मी लगेच सावध झाले. दोन दिवस त्याला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी लावला आणि मग सुटलेच. रविवारी दुपारी जेवणं झाली, भांडी आवरली, की मी कॉम्प्युटरपुढं बसते. रागमालेतल्या बायका, किल्ल्यांची रेखाटनं, हत्तींच्या मिरवणुका, जुन्या देवादिकांचे छापील कागद, झाडापानांची चित्रं. आमच्या भागात कापूस एवढा, पण कापसाच्या फुलाकडं मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते अशाच एका चित्रात. पिवळं फूल, आत तांबडा ठिपका, आणि तेच फूल दुसऱ्या दिवशी कसं गुलाबी होतं तेही शेजारी काढलेलं. लहानपणापासून मी त्याच रानांतून चालले होते, आणि डोळे माझे कुठं होते कोण जाणे. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पुन्हा चहा ठेवला.

पण आनंद झाला म्हणून संशय सुटतो असं नाही. एकच चित्र तीन ठिकाणी सापडतं आणि तिन्ही ठिकाणी गाव वेगळं लिहिलेलं असतं. कुणीतरी रंग भडक करून ठेवलेले असतात. आणि आता तर यंत्राकडून हुबेहूब जुनी चित्रं करून घेतात. मागं एका सहकारी बाईंनी ग्रुपवर तीनशे वर्षांपूर्वीची म्हणून एक राणी पाठवली. सगळ्यांनी हात जोडले. मी राणीची बोटं मोजली, ती सहा निघाली. कानातलं गालात घुसलेलं होतं. मी तसं लिहिलं, तर त्या बाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत.

नवरा म्हणतो, "आगं, तू चित्रं बघायलीस का झडती घ्यायलीस?"

मी म्हणते, झडती घेऊन जे हाताला लागतं तेवढंच माझं.

तर अशाच एका रविवारी मला कापडाच्या ताग्यांवरची चित्रं सापडली. पूर्वी गिरणीतून कापडाचा तागा यायचा तेव्हा त्याच्यावर पोस्टकार्डाएवढं रंगीत चित्र चिकटवलेलं असायचं. कुठं कृष्ण, कुठं मोटारगाडी, कुठं गोरीपान बाई. लोक म्हणे कापडाइतकेच त्या चित्रालाही भुलायचे. कुणीतरी असली शेकडो चित्रं जमवून इंटरनेटवर ठेवली होती. त्यातलं एक दिसलं आणि मी काही न तपासता उतरवून घेतलं. असं मी कधी करत नाही. खुर्चीवर बसलेली बाई, हिरवं लुगडं, जांभळे काठ, मागं पडदा, डावा हात गोल टेबलावर आणि उजव्या हातात छातीशी धरलेला गुलाब. चित्र फार भारी नव्हतं. तरी बघून जिवाला बरं वाटलं. का वाटलं, ते सांगता येईना.

मग सवयीनं तपासायला लागले. खुर्चीचे तीनच पाय काढलेले. चौथा जिथं दिसायला हवा तिथं नुसता पडदा. आणि गुलाबाची दांडी मुठीत वरून शिरलेली, पण मुठीखाली कुठंच निघालेली नाही. चित्रकार विसरला होता. मी तोंडातल्या तोंडात म्हणाले, "दांडी कुठं गेली?"

आणि माझा हात माऊसवर तसाच थांबला. हा प्रश्न मी आधी विचारलेला होता.

आता आईबद्दल सांगायला हवं. मी रांगत होते तेव्हा आई गेली. मला तिचं काहीही आठवत नाही, आवाज नाही, वास नाही. थोरल्या बहिणीनं, अक्कानं मला वाढवलं. अक्का तेव्हा चौदाएक वर्षांची होती. पुढं तिचं लग्नही गावातल्या गावातच, ताडकळसला करून दिलं, ते माझ्यासाठी. आईचा एकच फोटो आहे, तोही अक्काच्या घरी. मोठी रंगवलेली तसबीर. खुर्चीवर बसलेली बाई, डावा हात टेबलावर, उजव्या हातात गुलाब. शाळेत जायच्या आधी मी त्या तसबिरीपुढं उभी राहून अक्काला विचारलं होतं, "फुलाची दांडी कुठं गेली?" अक्का म्हणाली होती, "मुठीत हाय."

माझी आई म्हणजे तो फोटो. दहावीचा निकाल मी आधी त्याला सांगितला. नोकरी लागली तेव्हा पेढा त्याच्यापुढं ठेवला. लग्नात निघताना अक्काच्या गळ्यात पडून रडले आणि मग त्या फोटोच्या पाया पडले. अक्का हुबेहूब आईवर गेली आहे, असं मी सगळ्यांना सांगत आले. पुरावा म्हणून फोटोकडं बोट दाखवत आले.

आणि आता दोन्हीकडे एकच चूक.

खुर्ची चोरलेली, टेबल चोरलेलं, गुलाब चोरलेला. मग चेहऱ्याचं काय? तो काय म्हणून खरा असेल? मी त्या ताग्यावरच्या बाईचा चेहरा मोठा करून पाहिला. तो वेगळा होता, बाहुलीसारखा. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. गावोगाव फिरणारा कुणी फोटोवाला आला असेल, कुणातरी बाईचं तोंड कुणाच्या तरी धडावर बसवून आमच्या वडिलांच्या, आण्णांच्या गळ्यात मारून गेला असेल, आणि मी जन्मभर एका परक्या बाईच्या पाया पडत आले असेन. मला घाबरायला झालं. एवढा एकच चेहरा मला माहीत होता. तो गेला तर माझ्याजवळ काहीच उरत नव्हतं.

मग जुन्या गोष्टीही डोकं वर काढायला लागल्या. अक्का त्या फोटोला कधी हार घालत नाही. आईच्या तिथीला सुद्धा नाही. फुलं खाली पाटावर ठेवते, उदबत्ती खाली लावते, पण हार नाही. एकदा मी स्वतः शेवंतीचा हार करून घातला, तर तिनं काही न बोलता तो काढून पाटावर ठेवला होता. तेव्हा मला वाटलं होतं, हिचा आईवर राग असेल, एवढ्या लहान वयात माझा भार टाकून गेली म्हणून. आता वाटलं, हिला काहीतरी माहीत आहे.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तेवढा एक फोटो तरी सोड की."

नाही सोडला. शनिवारी सकाळची शाळा करून परभणीची एसटी धरली, तिथून ताडकळसची. खिडकीशी बसून फोनवर ते चित्र उघडत होते आणि मिटत होते. शेजारची बाई डोकावून म्हणाली, "नवीन लुगड्याचं डिझाइन हाय का?" मी फोन पालथा घातला.

अक्का दारातच म्हणाली, "आज कसं काय? काही झालंय का?" मी म्हणाले, "काही नाही, सहज आले." मी सहज कुठं जात नाही, हे तिला पाठ आहे. तरी ती चहा ठेवायला आत गेली. भाऊजी रानात गेले होते. मी स्टूल ओढलं, कपाटाच्या वर टांगलेल्या तसबिरीपर्यंत चढले, आणि काचेला फोन लावून बघायला लागले. पडद्याच्या चुण्या त्याच. खुर्चीचे पाय तीन. मुठीखाली दांडी नाही. मग चेहऱ्याकडं आले. गळ्यापाशी, पदर जिथं खांद्यावर चढतो तिथं, एक बारीक रेघ होती. तिच्यावरून रंगाचा हात फिरवलेला होता, पण रेघ होती. इथं जोडलेलं होतं. गालांवरही कुंचल्यानं सावली दिलेली, गाल उतरलेले दिसावेत म्हणून. कपाळावरचं कुंकू तर सरळ सरळ वरून काढलेलं. इतकी वर्षं मी हे कसं पाहिलं नव्हतं? देव तपासायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"खाली उतर. पडशील," अक्का मागून म्हणाली. दोन्ही हातांत कपबश्या होत्या.

मी उतरले. आता ही उडवून लावणार, विषय बदलणार, म्हणून मी आधीच तयार होते. फोन सरळ तिच्यापुढं धरला. "हे काय आहे, सांग."

तिनं कपबश्या खाली ठेवल्या, चष्मा लावला, फोन हातात घेतला. आणि तिचं तोंड एकदम उजळलं. "आगं बया! हे कुठं घावलं तुला? हे तर मायच्या पेटीतलं हाय."

अक्का आईला माय म्हणते. मी आई म्हणते, कारण मी तो शब्द पुस्तकातून आणि फोटोपुढं शिकले.

"कसली पेटी?"

"मायची. पत्र्याची. झाकन उघडलं की आतून सगळी चित्रंच चित्रं. तिला लय नाद. बाजाराच्या दिवशी कापडाच्या दुकानात जायाची, अन् लुगडं न्हाई तर न्हाई, ताग्यावरचं चित्र मागायची. आण्णा चिडायचे. म्हनायचे, लोकं काय म्हनत्याल. दुकानदार बी हासायचा, पन द्यायचा. घरी आनून खळीनं चिकटवायची. दुपारी झाकन उघडून बसायची नुसती बघत. ही बाई मधोमध होती."

माझा विश्वास बसला नाही. मी उलटतपासणी सुरू केली. पेटी कुठं आहे? गंजली, भंगारात दिली. दुसऱ्या कुणी पाहिलं होतं का? आण्णांनी, ते आता नाहीत. मग फोटोवाल्याकडं हे चित्र गेलं कसं?

"म्याच दिलं," अक्का म्हणाली. "वर्षश्राद्धाला फोटो पाहिजे म्हनले सगळे. मायचा तर एक बी फोटो न्हाई. परभनीचा फोटोवाला बाजाराला यायचा, त्यो म्हनला, धड कोनाचं बी चालतंय, एखादं चित्र असंल तर द्या. म्या झाकनावरचं हे पानी लावून लावून काढलं. म्हनलं, तिला आवडायचं, तर ह्यातच बसू द्या तिला."

कुणी चोरलं नव्हतं. चौदा वर्षांच्या पोरीनं निवडून दिलं होतं. मला हायसं वाटलं, पण प्रश्न अजून तिथंच होता.

"आणि चेहरा?"

अक्कानं चहा बशीत ओतला. प्यायली नाही. "त्यो म्हनला, घरात त्यांच्यासारखं दिसतंय कोन? सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मला बसवलं. मायचं लुगडं नेसवलं, अंबाडा घातला, कुंकू लावलं. हासू नको म्हनले. म्या कशाला हासतेय? मला लय भ्या वाटलं. जित्या मानसाला मेलेल्याच्या जागंवर बसवायलेत म्हनून. मग त्यानं रंगवून रंगवून मोठं केलं मला."

मी तसबिरीकडं पाहिलं, मग अक्काकडं. अक्का आता साठीच्या पुढं गेलेली. फोटोवाल्यानं कुंचल्यानं गाल जिथं बसवले होते तिथंच पुढं तिचे खरे गाल बसले होते. आणि हार का नाही, तेही कळलं. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. मी एकदा शेवंतीचा घातला होता, आणि तिनं तो गुपचूप उतरवला होता.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच. "एवढी वर्षं! मी त्याच्यापुढं पेढे ठेवले, पाया पडले!"

"सांगनार व्हते. पन फोटो भिंतीला लावला अन् तू तिकडं बोट करून आई म्हनलीस. तोवर कोनालाच आई म्हनली नव्हतीस. मग कसं मोडू?"

मग जे विचारायला खरं तर आले होते ते विचारलं. "आई दिसायची कशी, अक्का?"

"आता मला बी आठवंना झालंय," ती म्हणाली. "आधी आठवायचं. आता डोळे मिटले की ह्योच फोटो येतोय, अन् फोटोत मीच."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आईचा चेहरा माझ्याकडं कधी नव्हताच, हे एक वेळ सोसलं असतं. पण अक्काजवळ तो होता. खरा होता. आईच्या जागी बसली, माझ्यासाठी ते मनात ठेवलं, आणि त्यापायी तिचाही गेला. चहा दोघींचा गार झाला.

थोड्या वेळानं तिनं पदरानं फोन पुसला आणि म्हणाली, "अजून हायत का असले? दाखव की."

मी तिच्या शेजारी खाली बसले आणि एकेक चित्र दाखवायला लागले. ती चष्मा सावरत बघायची आणि लगेच निकाल द्यायची. "हे आवडलं असतं मायला. मोर हाय, झाडं हायत, पोरीबाळी हायत." पुढचं. "हे बिलकुल न्हाई. तलवारी तिला आवडायच्या न्हाईत. राम बी बिनधनुष्याचा पाहिजे म्हनायची." पुढचं. कापसाचं फूल आलं तर ती हसली. "हे बघून हासली असती. म्हनली असती, रानात काय कमी हाय का? अन् मग चिकटवलं असतं."

आता माझ्या मनात पाल पुन्हा चुकचुकली. हे आईला आवडलं असतं, का अक्काला आवडतंय? आपण चौदा वर्षांचे असताना गेलेल्या आईची आवड एवढी कुणाला आठवते? शिवाय या बाईनं माझ्यासाठी एकदा आई करून दिलेलीच होती. मी वर्गात करते तेच केलं. दहाबारा चित्रं पुढं गेल्यावर आधीचं एक गुपचूप पुन्हा दाखवलं, हत्तीच्या मिरवणुकीचं.

"हे मगाशी झालं," अक्का म्हणाली. "म्या सांगितलं, हत्ती चालतोय पन त्यो वर बसलेला राजा नको. माझी परीक्षा घ्यायलीस व्हय गं?"

उत्तर बरोबर होतं. फोनमध्ये एक नवीन फोल्डर केला, त्याला आई असं नाव दिलं, आणि तिनं हो म्हटलेली चित्रं त्यात टाकत गेले. मधोमध बसलेली ती हिरव्या लुगड्यातली बाई सगळ्यांत आधी टाकली. पेटीचं झाकण परत भरायला लागलं होतं.

मग माझं सगळ्यांत आवडतं चित्र आलं. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. दख्खनी कलमाचंच, लहानसं. काळंनिळं आभाळ, पांढरी गच्ची, गच्चीवर एकटी पाठमोरी बाई, आणि बाकी सगळी जागा मोकळी. चित्रकारानं एवढी जागा मोकळी सोडायचं धाडस कसं केलं असेल, याचा विचार करत मी कितीतरी रविवार त्याच्यापुढं घालवले आहेत.

अक्कानं एकदा पाहिलं आणि मान हलवली. "हे न्हाई."

"का?"

"तिला भरलेलं लागायचं. मोकळं न्हाई चालायचं. एकटी बाई हुबी, काही न्हाई भवती. माय म्हनली असती, कागद वाया घालवला."

"कागद वाया?" माझा आवाज चढला. "अगं, ती मोकळी जागा हेच तर त्या चित्रातलं चित्र आहे! तिला काय कळतंय त्यातलं?"

अक्का माझ्याकडं बघत राहिली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. "भांड," ती म्हणाली. "भांड तिच्याशी."

आणि मी भांडले. त्या गच्चीबद्दल, त्या आभाळाबद्दल, बिनधनुष्याच्या रामाबद्दल, बाजारात चित्रं मागत फिरणाऱ्या बाईच्या आवडीनिवडीबद्दल मी चांगली दहा मिनिटं बोलत होते. तसबिरीकडं मी एकदाही पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला आईचा राग आला होता.

परतीच्या एसटीत तो फोल्डर पुन्हा उघडला. गच्चीचं चित्र त्यात टाकावं म्हणून बोट दोनदा तिथपर्यंत गेलं. टाकलं नाही. तिला आवडत नाही म्हणजे नाही.